मदात्यय आणि पादांशिक क्रम : मद्यत्यागाचा व्यक्तिपरत्वे विचार

आषाढी अमावास्या उलटून श्रावण लागला की आपणा सर्वांच्या चिकित्सालयांत एका विशिष्ट प्रकारचे रुग्ण वाढतात. निद्रानाश, हस्तकंप, हृल्लास, अतिस्वेद, छातीत धडधड आणि क्षुल्लक कारणावरून येणारा क्रोध ही त्यांची लक्षणे. पूर्ववृत्त विचारले असता रुग्ण, आणि बहुधा त्याच्या सोबत आलेली पत्नी, अभिमानाने सांगते, "श्रावण पाळलाय. अमावास्येपासून थेंब नाही." वैद्यही कौतुकाने पाठ थोपटतो, बल्य आणि निद्राजनक औषधांची पुडी बांधतो आणि रुग्णास आठ दिवसांनी येण्यास सांगतो. प्रस्तुत लेखकाने हेच अनेक वर्षे केले. त्यात कोणती चूक होती, हे एका रुग्णाने शिकविले. म्हणून प्रथम त्याचे वृत्त देतो.

रुग्ण पुरुष, वय ४२, व्यवसाय टेम्पोचालक. श्रावण शुद्ध द्वितीयेस सायंकाळी आला. गटारीच्या रात्री भरपूर प्यायला होता आणि त्यानंतर बंद. नाडी द्रुत, जिव्हा साम, हातास सूक्ष्म कंप. मी त्यास शाबासकी दिली. अश्वगंधारिष्ट २० मि.लि. दोन वेळा, रात्री जटामांसीचा फांट आणि पादाभ्यंग एवढे सांगून पाठविले. तो रोज किती पितो हे विचारले, त्याने "एक क्वार्टर" असे सांगितले आणि मी ते लिहून घेतले. सकाळी उठल्यावर 'उतारा' घ्यावा लागतो काय, यापूर्वी कधी बंद केले असता फिट आली होती काय, शेवटचा घोट नेमका किती वाजता घेतला, यांपैकी एकही प्रश्न मी विचारला नाही. दुसऱ्या रात्री त्याच्या भावाचा दूरध्वनी आला. रुग्ण भिंतीवर किडे चालताना पाहत होता, अंथरुणावरून उठून पळत होता, अंग तापले होते आणि घरच्यांनी 'बाहेरचे' समजून देवऋष्यास बोलावणे धाडले होते. त्यास जिल्ह्याच्या ठिकाणी हलविण्यात पहाट झाली. मनोविकारतज्ज्ञांच्या देखरेखीखाली सहा दिवसांनी तो शुद्धीवर येऊन सावरला. पुढे कळले की प्रत्यक्षात तो दिवसाला दोन क्वार्टर घेत असे, त्यांतील पहिला भाग पहाटे गाडी काढण्यापूर्वी. आणि दोन वर्षांपूर्वीच्या श्रावणातही त्यास एकदा आकडी आली होती.

हा रुग्ण वाचला. वाचला नसता तर दोष त्याच्या संकल्पास देता आला नसता. तो वैद्याच्या प्रश्नपत्रिकेतील उणिवेचा ठरला असता.

संहितांतील विचार

मदात्ययाचे वर्णन चरकाने चिकित्सास्थानाच्या २४व्या अध्यायात, सुश्रुताने उत्तरतंत्राच्या ४७व्या अध्यायात आणि वाग्भटाने निदानस्थान ६ व चिकित्सास्थान ७ येथे केले आहे. मद्याचे दहा गुण ओजाच्या दहा गुणांच्या विरुद्ध आहेत, हे त्यामागील मूळ सूत्र पदवी परीक्षेसाठी आपण सर्वांनी पाठ केलेले असते. मद्य लघु, उष्ण, तीक्ष्ण, सूक्ष्म, अम्ल, व्यवायी, आशुग, रूक्ष, विकासी, विशद. आणि ओज गुरू, शीत, मृदू, श्लक्ष्ण, बहल, मधुर, स्थिर, प्रसन्न, पिच्छिल, स्निग्ध. या सूत्राचा एक अर्थ मात्र परीक्षेनंतर विसरला जातो. वर्षानुवर्षे रोज मद्य घेणाऱ्या शरीराने त्या विरोधी गुणांशी एक तडजोड केलेली असते. तिलाच आपण ओकसात्म्य म्हणतो. अपथ्य वस्तूही अभ्यासाने सात्म्य होते आणि सात्म्य झालेली वस्तू सहसा काढून घेतली असता विकार उत्पन्न होतो, हा सिद्धान्त वाग्भटाने सूत्रस्थानाच्या ७व्या अध्यायात स्पष्ट मांडला आहे. तेथेच त्याने त्यागाचा क्रमही सांगितला: अभ्यस्त अपथ्य चतुर्थांशाने, अथवा चतुर्थांशाच्या चतुर्थांशाने, म्हणजे षोडशांशाने सोडावे आणि त्याच क्रमाने, एक, दोन, तीन दिवसांच्या अंतराने हितकर वस्तूचा अभ्यास वाढवावा. चरकसूत्रस्थानाच्या ७व्या अध्यायातही हाच पादांशिक क्रम आहे. क्रमाने गेलेले दोष पुन्हा उद्भवत नाहीत आणि क्रमाने आलेले गुण ढळत नाहीत, असे फलही तेथे दिले आहे.

येथे एका प्रचलित समजाची तपासणी करणे अगत्याचे वाटते. चरकोक्त ध्वंसक आणि विक्षय म्हणजेच आधुनिकांचे 'विथड्रॉवल', असे अनेक ठिकाणी शिकविले व लिहिले जाते. मूळ वचन तसे नाही. ज्याचे मद्यपान खंडित झाले आहे, तो जेव्हा सहसा पुन्हा अतिमद्य सेवन करतो, तेव्हा हे दोन विकार होतात, असे चरक म्हणतो. ध्वंसकात श्लेष्मप्रसेक, कंठ व मुखाचा शोष, शब्द सहन न होणे, तंद्रा व निद्रेचा अतियोग. विक्षयात हृद्रोग व कंठरोग, संमोह, छर्दी, अंगमर्द, ज्वर, तृष्णा, कास, शिरःशूल. अर्थात हे वर्णन श्रावण पाळून नंतर महिन्याची भरपाई करणाऱ्याचे आहे! आपल्याकडे गटारी आणि श्रावणसमाप्ती ही दोन टोके जणू या अध्यायाच्या सोदाहरण अध्ययनासाठीच योजिली आहेत. एका टोकास सहसा त्याग, दुसऱ्या टोकास सहसा अतिपान, आणि दोहोंसही शास्त्राचा निषेध.

मद्य थांबल्यावर जे होते त्याचे प्रतिबिंब वातज मदात्ययाच्या लक्षणांत अधिक स्पष्ट दिसते: हिक्का, श्वास, शिरःकंप, पार्श्वशूल, प्रजागर, बहुप्रलाप. ध्वंसक व विक्षयाची चिकित्साही वातज मदात्ययाप्रमाणेच करावी, असे सांगून चरकाने हे नाते जोडून ठेवले आहे.

आणखी एक स्थळ विचारात घेण्याजोगे आहे. हीन, मिथ्या वा अतिमात्र मद्यपानाने झालेला विकार सम मात्रेत घेतलेल्या मद्यानेच शमतो, असे चरक सांगतो. आजच्या काळात हे वचन उचलून रुग्णाच्या हाती पेला देणे अनुचितच. तथापि रुग्णालयात आज जे केले जाते, म्हणजे मेंदूतील ज्या ठिकाणी मद्य कार्य करते तेथेच कार्य करणारे बेन्झोडायझेपिन वर्गातील औषध देऊन ते काही दिवसांत क्रमाने कमी करणे, त्याचे तर्कशास्त्र याहून फारसे निराळे नाही. सधर्म द्रव्याने आधार द्यावयाचा आणि मग तो आधार पायरीपायरीने काढावयाचा. हे उपचार आपल्या क्षेत्राबाहेरचे आहेत. पण त्यांच्याकडे रुग्ण पाठविताना आपण शास्त्रविरुद्ध काही करीत आहोत, असा संकोच वैद्याने बाळगू नये. वाग्भटाने पानात्ययाची चिकित्सा सात अथवा आठ दिवस करावी, तेवढ्या काळात विमार्गगामी मद्य जिरते आणि त्यानंतर जो रोग शिल्लक राहील त्याची त्याची चिकित्सा करावी, असे म्हटले आहे. विथड्रॉवलचा तीव्र काळही साधारण तेवढाच असतो.

प्रथम कोणते प्रश्न विचारावेत

मद्य सोडविण्याची एकच पद्धत सर्वांस लावता येत नाही, हे दशविध परीक्षेचे शास्त्र मानणाऱ्या वैद्यास नव्याने सांगावयास नको. तरीही व्यवहारात आपण एकच पुडी सर्वांस देतो. याचे कारण प्रश्न अपुरे पडतात.

प्रमाणाविषयीचा प्रश्न सर्वांत अवघड, कारण उत्तर जवळजवळ नेहमी कमी येते. म्हणून प्रमाण मापावे. ४२.८ टक्क्यांच्या विदेशी पद्धतीच्या मद्याचा ३० मि.लि.चा पेग म्हणजे सुमारे १० ग्रॅम शुद्ध मद्यार्क. १८० मि.लि.ची क्वार्टर म्हणजे सुमारे ६० ग्रॅम. ८ टक्क्यांच्या 'स्ट्राँग' बिअरची ६५० मि.लि.ची बाटली म्हणजे सुमारे ४० ग्रॅम, अर्थात चार पेग. "मी दारू घेत नाही, फक्त बिअर" असे म्हणणाऱ्यास हा हिशेब कागदावर मांडून दाखविल्यास त्याची मुद्रा पाहण्यासारखी होते.

त्यानंतर वेळ. पहिला घोट किती वाजता? सकाळी हात थरथरतात व उतारा घेतल्यावर थांबतात काय? या एका प्रश्नाच्या होकारार्थी उत्तराने रुग्णाचा गट बदलतो. यापूर्वी किती वेळा सोडली, सोडल्यावर काय झाले, आकडी आली काय, भ्रम झाला काय? जेवण किती? अनेक मद्यपी सायंकाळी केवळ चकणा खाऊन झोपतात. कावीळ, रक्ताची उलटी, जलोदर यांचा इतिहास? क्षयाची, अपस्माराची, मधुमेहाची वा झोपेची औषधे चालू आहेत काय? आणि शेवटी, हे मद्य कशासाठी? शोक, कर्ज, अंगदुखी, निद्रानाश, मित्रमंडळ, की केवळ हातात असलेला रिकामा वेळ?

जागतिक आरोग्य संघटनेने विकसित केलेली 'ऑडिट' ही १० प्रश्नांची प्रश्नावली या कामी फार उपयुक्त आहे. तिचे गुण ० ते ४० असतात. ८ पासून पुढे धोकादायक पान समजावे, २० व त्यापुढे परावलंबित्वाची दाट शंका धरून तज्ज्ञाकडे पाठवावे. पाच मिनिटांचे काम आहे. प्रतीक्षाकक्षात रुग्णास कागद देऊन ती भरून घेता येते. मात्र पत्नीसमोर भरू देऊ नये.

स्त्री रुग्णांस हा प्रश्न आपण विचारीतच नाही. राष्ट्रीय पाहणीचा जो अहवाल २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यानुसार १० ते ७५ वयोगटातील १४.६ टक्के भारतीय मद्य घेतात; पुरुषांत हे प्रमाण २७.३ व स्त्रियांत १.६ टक्के आहे. प्रमाण अल्प असले तरी शून्य नाही, आणि जेथे लज्जा अधिक तेथे लपविणेही अधिक.

तीन मार्ग

उपरोक्त प्रश्नांनंतर रुग्ण स्थूलमानाने तीन मार्गांपैकी एकावर येतो.

ज्यास सकाळचा उतारा लागतो, पूर्वी आकडी वा भ्रम झाला आहे, जो दिवसाला क्वार्टरहून बरेच अधिक घेतो, ज्यास सोबत यकृताचा अथवा हृदयाचा गंभीर विकार आहे, किंवा जो एकटा राहतो, त्याने घरी आपल्या मनाने मद्य बंद करू नये. मद्य थांबल्यापासून ६ ते २४ तासांत कंप, स्वेद व हृल्लास, ६ ते ४८ तासांत आकडीची शक्यता आणि ४८ ते ९६ तासांत भ्रम, प्रलाप व ज्वरासह होणारा घातक उन्माद हा काळक्रम प्रत्येक वैद्याने टेबलाच्या काचेखाली लिहून ठेवावा. माझा टेम्पोचालक नेमका याच तासांतून गेला. असा रुग्ण श्रावणाचा संकल्प घेऊन आला तर त्याचा संकल्प मोडू नये. रुग्णालयात दाखल होऊन तो पाळण्याची व्यवस्था करून द्यावी.

याच्या उलट टोकास आठवड्यातून एक-दोन वेळा वा मित्रमंडळीत पिणारा, कोणतेही परावलंबित्व नसलेला रुग्ण असतो. त्यास एकदम थांबण्यात शारीरिक धोका नाही. त्यास प्रमाण घटविणे हाही एक मार्ग आहे. कोणतेही प्रमाण आरोग्यास पूर्णतः सुरक्षित नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ च्या जानेवारीत स्पष्ट केले आहे; ते रुग्णास सांगावे, पण जो आज चार पेग घेतो त्याने दोन घेतले तर वैद्याने नाक मुरडू नये. गर्भिणी, यकृतविकारी आणि वर उल्लेखिलेली औषधे घेणारे रुग्ण मात्र यास अपवाद. त्यांच्यासाठी पूर्ण त्याग हेच साध्य.

पादांशिक क्रमाचे खरे क्षेत्र या दोहोंच्या मध्ये आहे: रोज सायंकाळी ठरावीक पिणारा, सकाळी न पिणारा, आकडीचा इतिहास नसलेला, घरात कोणीतरी लक्ष ठेवणारे असलेला रुग्ण.

पादांशिक क्रमाचा व्यवहार

पहिला आठवडा काहीही कमी करू नये, केवळ मापावे. यासाठी आसवारिष्टाच्या बाटलीवरील ३० मि.लि.चे टोपण उत्तम. रुग्ण नेहमीप्रमाणेच घेतो, पण प्रत्येक वेळी मापून वहीत लिहितो: वेळ, प्रमाण, सोबत कोण, पोटात काय होते. पुष्कळांचे प्रमाण या लिहिण्यानेच घटू लागते, कारण आजवर ते अंदाजपंचे ओतीत होते.

समजा मापलेले प्रमाण १८० मि.लि. आहे. एक पाद म्हणजे ४५ मि.लि. प्रथम १३५, मग ९०, मग ४५, मग शून्य. टीकाकारांत दिवसांच्या गणनेविषयी मतभेद आहेत. मी प्रत्येक पायरीवर तीन ते चार दिवस थांबतो आणि कंप, निद्रा व नाडी पाहूनच पुढची पायरी देतो. ज्याचे सत्त्व अवर आहे, अथवा ४५ मि.लि. कमी करताच ज्यास स्वेद व कंप होतो, त्यास पादाचा पाद, म्हणजे सुमारे ११ मि.लि. एका वेळी कमी करावे. लक्षणे वाढल्यास एक पायरी मागे यावे. त्यात पराभव नाही. परंतु मागे येऊनही कंप न थांबल्यास, किंवा रुग्ण सलग दोनदा पायरी ओलांडून पूर्ववत पिऊ लागल्यास, तो आपल्या गटातला नाही असे समजून त्यास तज्ज्ञाकडे पाठवावे. हातभट्टी पिणाऱ्यास हा क्रम लावता येत नाही. तिची तीव्रता घडीघडीला बदलते आणि तीत मिथेनॉल असण्याचा धोका वेगळाच. २०१५ मध्ये मुंबईत मालाडच्या मालवणी भागात शंभराहून अधिक माणसे त्यानेच दगावली.

या क्रमाचा दुसरा अर्धा भाग बहुतेक जण सोडून देतात. शास्त्राने केवळ अपथ्याचा पाद काढावयास सांगितलेला नाही. त्या जागी तितकेच पथ्य भरावयास सांगितले आहे. जी जागा रिकामी राहते तीत मद्य परत येते, असा माझा अनुभव आहे. म्हणून ४५ मि.लि. काढताना त्या वेळेत काय ठेवायचे हे त्याच दिवशी ठरवावे. खर्जूर, द्राक्षा, दाडिम, आमलकी, परूषक, वृक्षाम्ल व चिंच यांचा खर्जूरादि मंथ मद्यविकारांत सांगितला आहे. परूषक न मिळाल्यास उर्वरित द्रव्यांनी करावा. अम्लमधुर रस, पेला हातात धरण्याची सवय आणि तृष्णाशमन, ही तिन्ही कामे त्याने साधतात. सायंकाळचे जेवण दीड-दोन तास अलीकडे आणणे हा दुसरा उपाय. पोटात भाकरी-आमटी गेल्यावर पहिल्या पेल्याची ओढ निम्मी होते. एका रुग्णाने त्या वेळेत घराच्या परड्यात झाडांना पाणी घालण्यास सुरुवात केली. दुसऱ्याने नातवाचा अभ्यास घेण्यास. नातवाचे गणित सुधारले की नाही ते ठाऊक नाही, पण आजोबा चौथ्या पायरीपर्यंत आले.

दोषानुसार भेद

सर्व मदात्यय त्रिदोषज असून जो दोष उत्कट त्याची चिकित्सा प्रथम करावी, असा नियम आहे. त्यापेक्षाही चरकाने दिलेले हेतू मला अधिक मोलाचे वाटतात, कारण त्यांत रुग्णाचे जीवन दिसते.

शोक, भय, भारवहन, प्रवास व श्रम यांनी कृश झालेला, रूक्ष व अल्प खाणारा, रात्री झोप मोडून पिणारा, हे वातज मदात्ययाचे वर्णन म्हणजे आपला मालवाहतूकदार, ऊसतोडणी कामगार वा कर्जात बुडालेला शेतकरी. त्याचे मद्य हे त्याचे वेदनाशामक व निद्राजनक औषध आहे. त्यास स्निग्ध, उष्ण व अम्ल-लवणयुक्त आहार, अभ्यंग, पादाभ्यंग व शिरोधारा द्यावी. आणि त्याची कंबरदुखी प्रथम बरी करावी. दुखणे तसेच ठेवून मद्य काढणे हा अन्याय होईल.

पित्तज रुग्ण तिखट, अम्ल, उष्ण खाणारा, क्रोधी, उन्हात काम करणारा. दाह, अतिस्वेद, अतिसार, नेत्र व त्वचेचे हारिद्रत्व दिसताच यकृताच्या कार्याची रक्ततपासणी करून घ्यावी. येथे एक सावधगिरीचा शब्द. भूम्यामलकी, कुटकी, गुळवेल आपण सढळ हाताने देतो. गुळवेल सेवनानंतर यकृतास इजा झालेल्या रुग्णांचे वृत्त २०२१ मध्ये मुंबईतील यकृततज्ज्ञांनी प्रसिद्ध केले आणि आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला. वादात न पडता एवढे करता येते, की मद्याने आधीच दुखावलेल्या यकृताच्या रुग्णास कोणतेही औषध देण्यापूर्वी व दिल्यानंतर तपासणी करावी आणि वनस्पतीची ओळख खात्रीची असावी.

कफज रुग्ण सुखवस्तू, मधुर-स्निग्ध खाणारा, दिवास्वापी, व्यायामविरहित. त्याच्या मद्यामागे दुःख नसते; मंडळ असते. त्यास लंघन, दीपन, अष्टांगलवण आणि सायंकाळी चालणे एवढ्याने फरक पडतो, पण त्याहून मोठा फरक बैठक बदलल्याने पडतो.

अशक्त मद्यपी आला की "एक बाटली लावा" असा घरच्यांचा आग्रह असतो. अल्प आहार घेणाऱ्या जुन्या मद्यपीत थायमिन, म्हणजे जीवनसत्त्व ब-१, याची न्यूनता असते. त्यास थायमिन न देता ग्लुकोज शिरेतून दिल्यास वेर्निके नामक मेंदूचा विकार उद्भवू वा बळावू शकतो. गोंधळ, चालताना तोल जाणे आणि नेत्रगतीची विकृती ही त्याची लक्षणे असून ती नशेची समजून दुर्लक्षित होतात. अशा रुग्णास प्रथम थायमिन, नंतर ग्लुकोज. ग्रामीण भागात आपल्या परिसरातील ज्या दवाखान्यांत सलाइन लावले जाते, त्यांच्या कानावर हे घालणे आपले कर्तव्य आहे.

सत्त्वावजय आणि दैवव्यपाश्रय

युक्तिव्यपाश्रय चिकित्सेने पंधरा दिवस सांभाळले जातात, पुढची वर्षे सत्त्वावजयाने. माळकरी झाल्याने ज्यांची दारू कायमची सुटली असे रुग्ण प्रत्येक वैद्याच्या पाहण्यात असतात. माळेमागे नियम, मंडळी, एकादशी, वारीची तारीख आणि गावाची साक्ष असते. हे सर्व एकत्र मिळणे औषधाने शक्य नाही. ज्याची त्यावर श्रद्धा आहे त्यास अवश्य प्रोत्साहन द्यावे, मात्र माळ घालण्यापूर्वी उताऱ्याचा प्रश्न विचारून. ज्याची श्रद्धा नाही त्यास तिचा आग्रह करू नये. त्याच्यासाठी अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या सभा आहेत, पुण्यात १९८६ पासून कार्य करणारे मुक्तांगण आहे आणि १४४४६ ही व्यसनमुक्तीची राष्ट्रीय विनामूल्य दूरध्वनी सेवा आहे. क्रमांक औषधाच्या चिठ्ठीवरच लिहून द्यावा. रुग्ण घसरला तर त्याने आपल्याकडे येणे टाळू नये, हे पहिल्याच भेटीत सांगून ठेवावे. कारण न येण्याचे कारण बहुधा लाज हेच असते.

'नकळत' देण्याच्या औषधाविषयी दोन शब्द. रुग्णास न कळता चहात वा भाजीत घालावयाच्या पुड्यांची मागणी अगतिक पत्नी करते, आणि काही दुकाने ती पुरवितात. त्या पुडीत काय आहे हे कोणास ठाऊक नसते. डायसल्फिरॅम असल्यास आणि त्यावर रुग्णाने मद्य घेतल्यास मुख आरक्त होणे, छर्दी, हृद्द्रव, रक्तदाब कोसळणे आणि प्रसंगी मृत्यू, इथवर मजल जाते. ज्याच्या शरीरावर प्रयोग होतो त्याची संमती नाही आणि त्यास धोक्याची कल्पनाही नाही. ही मागणी स्पष्टपणे नाकारावी. पण पत्नीस रिकाम्या हाती परत पाठवू नये, तिला वरील क्रमांक द्यावा व बसवून तिचे ऐकून घ्यावे.

औषधी दुकानदारांसाठी

आता जो विषय थेट आपल्या मांडणीवरील बाटल्यांचा आहे, तो. आसवारिष्टांत साधारणतः ५ ते १० टक्के स्वनिर्मित मद्यार्क असतो. ८ टक्के धरल्यास ४५० मि.लि.च्या बाटलीत सुमारे २८ ग्रॅम, अर्थात जवळजवळ तीन पेग. १५ मि.लि. दोन वेळा या मात्रेत दिवसाला दोन ग्रॅमदेखील होत नाहीत, आणि सामान्य रुग्णास ते बाधत नाहीत. प्रश्न दोन ठिकाणी येतो. व्यसनमुक्ती केंद्रातून डायसल्फिरॅम घेऊन परतलेल्या रुग्णास खोकल्यासाठी दिलेले वासारिष्टही प्रतिक्रिया घडवू शकते, आणि गोळी बंद केल्यावरही हा धोका सुमारे दोन आठवडे राहतो. तसेच ज्याने नुकतीच दारू सोडली आहे त्याच्या जिभेस तोच दाह व गंध पुन्हा ओळखीचा करून देणे केव्हाही हितावह नाही. मी स्वतः मदात्ययाच्या रुग्णास अश्वगंधारिष्ट दिले होते, हे वर लिहिलेच आहे. तेव्हापासून चूर्ण, वटी, घृत वा घरी केलेला काढा एवढेच देतो. बाजारातील काही प्रवाही क्वाथांतही मद्यार्क असू शकतो; लेबल वाचून द्यावे.

मृतसंजीवनी सुरा ३० मि.लि.हून व महाद्राक्षासव १२० मि.लि.हून मोठ्या बाटलीत विकू नये, असा नियम आहे. तो कशासाठी आहे हे गिऱ्हाइकाच्या वारंवारतेवरून कळते. आमच्या तालुक्यातील एका अनुभवी दुकानदारांनी मला सांगितले की एक वयस्क बाई दर तिसऱ्या दिवशी द्राक्षासवाची मोठी बाटली नेत, "सुनेच्या बाळंतपणासाठी" म्हणून. सून बाळंत होऊन वर्ष झाले होते. दुकानदारांनी विक्री थांबवून त्यांस अपमानित केले नाही. एके दिवशी गर्दी नसताना खुर्ची दिली आणि झोप लागते का, एवढेच विचारले. यजमान वारल्यापासून लागत नव्हती. त्या माझ्याकडे आल्या तेव्हा मापाचे टोपण बरोबर घेऊनच आल्या. दुकानदारांनी ते धुऊन त्यांच्या हाती दिले होते.